वेज घेताना बाउन्स आणि ग्राइंड कसा बघायचा: कोल्हापूरकडच्या नवीन गोल्फरसाठी

ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, घेताना माणूस चार जणांना विचारतो, यूट्यूबवर पन्नास रिव्ह्यू बघतो, आणि वेज, म्हणजे जवळचे छोटे, उंच शॉट मारायचा क्लब, घ्यायची वेळ आली की "५६ चा एक द्या" म्हणून मोकळा होतो. अन् मग महिनाभरानं तक्रार सुरू, की चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट) मारताना क्लब मातीत रुततोय नाहीतर बॉलच्या पोटात लागून बॉल सरळ ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पलीकडं जातोय. स्विंग बिघडलाय म्हणून कोच बदलतात, ग्रिप बदलतात, पण क्लबच्या तळाकडं कुणी बघत नाही. वेजचं अर्धं काम हा तळ, म्हणजे सोलच करतो, आणि तो तुमच्या मातीला न् तुमच्या स्विंगला जुळणारा हवा, टीव्हीवर कोण काय वापरतंय त्याला नव्हे. सगळं क्रमानं सांगतो, दुकानात जायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

आधी हे जवळ ठेवा

- तुमचा आत्ताचा सेट, त्यातला पिचिंग वेज (सेटसोबतच आलेला वेज) खास करून
- काळा परमनंट मार्कर
- थोडा चुना किंवा पांढरी रांगोळी
- एक जुनं व्हिजिटिंग कार्ड
- वही किंवा मोबाईलमधली नोट, अंतरं लिहायला
- तुमचा स्विंग बाजूनं शूट करणारा एक मित्र

१. वेजवरचा आकडा वाचायला शिका

वेजवर दोन-तीन गोष्टी कोरलेल्या असतात. समजा ५६.१० एस असं लिहिलंय. ५६ म्हणजे लॉफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) किती मागं झुकलाय ते अंशात. १० म्हणजे बाउन्स, तोही अंशात, तो काय ते पुढच्या पायरीत सांगतो. आणि एस हा ग्राइंड, म्हणजे सोलला कुठून किती घासून कसा आकार दिलाय ते. ही पद्धत टायटलिस्टच्या व्होकी वेजची, बाकीचे जरा वेगळं लिहितात. टेलरमेड एलबी, एसबी, एचबी असं लिहितं, म्हणजे लो, स्टँडर्ड आणि हाय बाउन्स. क्लीव्हलँडच्या आरटीएक्समध्ये लो, मिड, फुल असं असतंय.

साधारण हिशोब असा धरा: ४ ते ६ अंश म्हणजे लो बाउन्स, ७ ते १० मिड, आणि त्याच्या वर हाय. प्रत्येक कंपनीची सीमारेषा एखाद-दुसऱ्या अंशानं इकडंतिकडं होते, त्याचं टेन्शन घेऊ नका.

इथंच पहिला खड्डा आहे. ग्राइंडची अक्षरं सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात. व्होकीचा एस, कॅलवेचा एस आणि पिंगचा एस ही तीन वेगळी सोल आहेत. "मला एस ग्राइंड सूट होतो" म्हणून दुसऱ्या कंपनीचा एस ऑनलाइन मागवला तर डबा उघडल्यावर भलतंच काहीतरी निघू शकतं.

२. बाउन्स नेमका करतो काय

शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, सरळ उभा धरून क्लब जमिनीवर टेकवला की सोलचा सगळ्यात खालचा भाग आधी टेकतो आणि पुढची धार, म्हणजे लीडिंग एज, जरा वर राहते. त्या दोघांमधला कोन म्हणजे बाउन्स. बाउन्स कमी असला की पुढची धार नांगराच्या फाळासारखी मातीत शिरते, जास्त असला की सोलचा मागचा भाग आधी जमिनीला लागतो आणि क्लबला वर उचलून पुढं सरकवतो. बस्स, एवढंच आहे ते.

ही आयडिया जुनी आहे. अमेरिकन गोल्फर जीन साराझेननं आपल्या क्लबच्या सोलला मागून धातू झाळून जाडी वाढवली, वाळूत क्लब रुतू नये म्हणून, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकताना तो क्लब वापरला. आजचा सँड वेज त्यातनंच आलाय.

घरी बघायचं असेल तर फरशीवर क्लब ॲड्रेसला, म्हणजे शॉटआधी बॉलमागं ठेवतो तसा ठेवा, खाली वाका आणि लीडिंग एजखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. लो बाउन्सच्या वेजखाली कार्ड लगेच अडतं, हाय बाउन्सखाली सहज आत जातं. मग शाफ्ट जरा टार्गेटच्या बाजूला झुकवा, मघाशी आत गेलेलं कार्ड आता अडेल. फेस उघडा, परत जागा होईल. हे दोन मिनिटं स्वतःच्या हातानं केलं की पुढचं सगळं डोक्यात बसतं, कारण क्लबवर कोरलेला बाउन्स आणि बॉलला लागताना मिळणारा बाउन्स वेगळा असतो. हात ५ अंश पुढं झुकवून मारलं तर १० चा बाउन्स जवळपास ५ च राहतो. फेस उघडला तर वाढतो.

आणि फक्त अंशावर जाऊ नका. सोल रुंद असेल तर ८ अंशाचा वेजसुद्धा जास्त बाउन्स असल्यासारखा वागतो, आणि सोल बारीक असेल तर १० वालाही रुततो. आकडा आणि रुंदी, दोन्ही बघायचं.

३. तुमचा क्लब जमिनीत कसा जातोय ते तपासा

ही पायरी लोक सोडतात आणि खरं काम इथंच आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

प्रॅक्टिस एरियात हरळीवर चुन्याची किंवा रांगोळीची चार-पाच फूट लांब रेघ ओढा. बॉल ठेवायचा नाही. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा, पिचिंग वेजनं अर्धा स्विंग मारा, मग अर्धं पाऊल पुढं सरकून परत. असं रेघ संपेपर्यंत. आता मागं येऊन खाली बसून बघा. डिव्हट (क्लबनं गवत-माती उडून पडलेला खड्डा) रेघेवर किंवा किंचित पुढं सुरू होतोय का रेघेच्या मागं? खोल, जाड ढेकूळ निघतंय का नुसतं गवत कातरल्यागत होतंय?

खोल डिव्हट, जाड ढेकूळ, मनगटाला हिसका बसतोय, म्हणजे तुम्ही वरून हाणणारे. तुम्हाला बाउन्स जास्त लागतो, १० ते १४, आणि सोल जरा रुंद. डिव्हट जवळपास निघतच नाही, क्लब घासत जातोय, तर कमी ते मध्यम बाउन्स, ६ ते १०. दोन्हींच्या मध्ये असाल तर मिड घ्या आणि पुढं चला.

दुसरी टेस्ट मार्करची. सोलवर लीडिंग एजपासून मागच्या धारेपर्यंत मार्करच्या आडव्या रेघा मारा आणि कोरड्या, कमी गवताच्या जागेवरनं आठ-दहा चिप मारा. मग सोल उलटा करून बघा शाई कुठली गेलीय. पुढच्या धारेजवळची गेली असेल तर क्लब खोदतोय. मधली पट्टी गेली असेल तर बाउन्स काम करतोय. अगदी मागची गेली असेल तर तुम्ही बॉलला वर उचलायचा प्रयत्न करताय, आणि तिथं आधी स्विंगकडं बघा, वेज नंतर.

मित्रानं काढलेला व्हिडिओ स्लो करून बघा, इम्पॅक्टला हात बॉलच्या किती पुढं आहेत ते कळेल. हात खूप पुढं असतील तर वर सांगितल्याप्रमाणं बाउन्स खाल्ला जातोय.

रेंजवरच्या नकली गवताच्या मॅटवर ही टेस्ट करून काही उपयोग नाही. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागं पडला तरी सरकून बॉलला लागतो, शॉट छान उडतो, आणि तुम्हाला वाटतं लो बाउन्स आपल्याला मस्त जमतोय. रेंजवर मॅटवरनं वेज ट्राय करून घेतलेले आणि कोर्सवर रुतणारे किती तरी जण मी बघितलेत. आमच्याकडचे एक जुने कॅडी मामा नवीन माणसाचा बॉल कुठं गेला हे बघतच नाहीत, आधी डिव्हट बघतात. "सर, बॉल खोटं बोलतो, माती नाही बोलत," हे त्यांचं म्हणणं, आणि ते दोन चिपमध्ये सांगतात की हातातला वेज जुळतोय का नाही.

४. आपली माती आणि वाळू

परदेशी व्हिडिओत "सॉफ्ट कंडिशन असेल तर हाय बाउन्स, फर्म असेल तर लो" असं सांगतात. बरोबर आहे, पण आपल्याकडं वर्षभरात दोन्ही येतंय. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पाऊस असा लागतो की जमीन चिखलासारखी मऊ होते, विशेषतः नदीकडची आणि पूर्वेकडची काळी माती, ती ओली असताना क्लबला चिकटते आणि लीडिंग एज एकदा शिरली की सोडत नाही. तीच काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून दगड होते, भेगा पडतात, हरळी पिवळी होऊन खाली माती दिसायला लागते. पश्चिमेकडं पन्हाळा, राधानगरीच्या बाजूला लाल जांभ्याची माती, तिथं खडे जास्त, त्यामुळं पाणी लवकर निचरतं पण उन्हाळ्यात कडकपणा तेवढाच.

म्हणजे पावसाळ्यात बाउन्स जास्त हवा आणि उन्हाळ्यात कमी. उन्हाळ्यात कडक जमिनीवर १४ चा बाउन्स घेऊन गेलात तर सोल जमिनीवर आपटून उसळतो आणि लीडिंग एज बॉलच्या मध्यावर. तो जो थिन शॉट बसतो ना, हात झिणझिणतो आणि बॉल मागच्या झाडीत.

आता बंकरचं, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याचं, उलटं असतं, हे नीट लक्षात ठेवा. कोरडी, भुसभुशीत, खोल वाळू असेल तर हाय बाउन्स आणि रुंद सोल लागतो. पण पावसात भिजून वाळू बसली की ती टणक होते, आणि वाळूचा थर पातळ असलेल्या बंकरमध्ये तर सोल खालच्या मातीवरच आपटतो. म्हणजे पावसाळ्यात फेअरवेला (मधल्या कापलेल्या गवतावर) हाय बाउन्स आणि त्याच दिवशी बंकरमध्ये कमी. एकाच वेजनं दोन्ही होत नाही.

यावर मला पटलेला मार्ग असा: दोन वेज घेणार असाल तर दोघांचा बाउन्स मुद्दाम वेगळा ठेवा. ५६ ला १२ च्या आसपास, भरलेला (घासून कमी न केलेला) सोल. दुसरा ५८ किंवा ६० घेणार असाल तर तो ६ ते ८ चा. जुलैत चिप ५६ नं करा, मेमध्ये ६० नं. ओला टणक बंकर असेल तर ६०, कोरडा मऊ असेल तर ५६. एकच घेणार असाल तर १० च्या आसपासचा मिड, वर्षभर निभावतो. वरून हाणणारा माणूस असेल तर त्यानं १२ कडं झुकावं, उन्हाळ्यात थोडा त्रास सोसून.

तुम्ही महिन्यातनं दोनदा पुण्याला जाऊन येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर खेळणारे असाल, नाहीतर बेळगावला, तर तिथलं गवत आणि बंकरही या हिशोबात धरा. जिथं जास्त खेळता ती जमीन मोठी.

५. ग्राइंड निवडा

ग्राइंड म्हणजे सोलच्या टाचेकडचा, टोकाकडचा (टो) किंवा मागच्या धारेचा धातू घासून कमी करणं. कारण साधं आहे. फेस उघडला की टाच आणि मागची धार जमिनीला आधी टेकते आणि लीडिंग एज वर उचलली जाते. तिथला धातू काढून टाकला की फेस उघडूनही लीडिंग एज खालीच राहते. म्हणून प्रश्न एकच: तुम्ही फेस उघडता का?

नवीन असाल तर उत्तर बहुतेक "नाही" असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. फेस न उघडता टार्गेटकडं सरळ (स्क्वेअर) ठेवून मारणाऱ्याला पूर्ण भरलेला सोल चांगला, व्होकीमध्ये त्याला एफ म्हणतात. फुल शॉटला, सरळ चिपला आणि साध्या बंकर शॉटला पुरतो. मागची धार थोडी घासलेला एस हा जरा जास्त चालणारा, फेस थोडासा उघडणाऱ्यांना. एममध्ये टाच, टो आणि मागची धार तिन्हीकडनं घासलेलं असतं, ग्रीनभोवती फेस उघडून वेगवेगळे शॉट मारणाऱ्यांसाठी, आणि क्लब घासत नेणाऱ्यांना तो जास्त मानवतो. डी म्हणजे एमसारखी मोकळीक पण बाउन्स जास्त, वरून हाणणाऱ्यांना. के सगळ्यात रुंद, बंकरमधला दादा. एल आणि टी लो बाउन्सचे, कडक जमिनीवर आणि पक्क्या हाताला.

एल किंवा टी पहिला वेज म्हणून घेऊ नका. दुकानात हातात धरल्यावर तो लई देखणा दिसतो, बारीक सोल, जमिनीला चिकटून बसणारा, आणि म्हणूनच फसायला होतं. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत त्याच्याएवढा रुतणारा दुसरा क्लब नाही.

६. लॉफ्टचं गणित

आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट शोधा, कंपनीच्या साइटवर मिळतो. जुन्या सेटमध्ये तो ४७-४८ असायचा, हल्लीच्या अंतर वाढवणाऱ्या सेटमध्ये ४३-४४ पण असतो. तिथनं पुढं ४ ते ६ अंशांच्या टप्प्यानं चढत जा. पिचिंग ४४ चा असेल आणि तुम्ही थेट ५६ घेतलात तर मध्ये १२ अंशांचं भगदाड राहतं, तिथं ५० लागणारच. पिचिंग ४८ चा असेल तर ५२ आणि ५६ छान बसतात.

रेंजवर प्रत्येक वेजनं दहा बॉल मारून मधलं अंतर लिहा, सगळ्यात लांब गेलेलं नको. बॅगेत एकूण १४ च क्लब चालतात, हेही मोजा.

७. घ्यायला जाताना

फिटिंगची, म्हणजे तुमच्या स्विंगला क्लब जुळवून देण्याची, सोय असलेल्या ठिकाणी, शक्य असेल तर गवतावरनं मारून बघायला मिळेल तिथं जा. पुणं हायवेनं २३० किलोमीटरच्या आसपास, एक दिवसाचं काम आहे. जाताना डिव्हटचे फोटो आणि सोलवरच्या शाईचा फोटो मोबाईलमध्ये न्या, फिटरला त्यातनं निम्मं कळतं. डावखुरे असाल तर आधी फोन करून विचारा, डावे वेज आणि त्यात हवा तो ग्राइंड शेल्फवर असेलच असं नाही.

शाफ्ट तुमच्या आयर्नशी जुळता घ्या. हलके ग्रॅफाइट आयर्न आणि जड स्टीलचा वेज असं असेल तर टायमिंग गडबडतं.

वापरलेला घेणार असाल तर:

- ग्रूव्हवरनं (फेसवरच्या बारीक खाचांवरनं) नख आडवं फिरवा. नख अडकलं पाहिजे. फेसच्या मधोमध गुळगुळीत लागलं तर स्पिन गेलेली आहे.
- सोल नीट बघा, आधीच्या मालकानं घासून घेतलाय का. तसं असेल तर कोरलेल्या बाउन्सला अर्थ नाही.
- लॉफ्ट वाकवलाय का विचारा. ५६ चा वाकवून ५४ केला तर बाउन्सही २ नं कमी होतो, उलटं केलं तर वाढतो.
- २०१० च्या आधी बनवलेला असेल तर सावध. १ जानेवारी २०१० पासून ग्रूव्हचे नियम बदलले आहेत, मॅच खेळणार असाल तर आयोजकांना आधीच विचारून घ्या.
- फारच स्वस्त आणि कोरा करकरीत असेल तर नकली असू शकतो. कोरलेली अक्षरं आणि त्यातला रंग कंपनीच्या फोटोशी ताडून बघा.

आणि बॉल. दोन पीसचा कडक बॉल वापरून वेजकडनं स्पिनची अपेक्षा ठेवू नका, कुठलाही ग्राइंड तिथं कमी पडतो.

८. फिनिश आणि गंज

क्रोमचा वेज पावसात जास्त टिकतो. रॉ फिनिश म्हणजे कोटिंग नसलेला, तो आपल्या पावसाळ्यात आठवड्यात लालसर होतो. गंजानं खेळ बिघडत नाही, उन्हात चमक लागत नाही म्हणून काही जणांना तो मुद्दाम आवडतो. पण ओला वेज हेडकव्हर घालून बॅगेत कोंबून ठेवू नका, फडक्यानं पुसा, रॉ असेल तर मशीन ऑइलचा हलका हात फिरवा. ग्रूव्हमधली काळी माती वाळायच्या आत ब्रशनं काढा, वाळली की ती टाचणीनंच काढावी लागते.

९. उद्यमनगरातनं घासून घेऊ का?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. ज्या गावात फाउंड्री आणि मशीन शॉपच्या गल्ल्या आहेत, जिथं ग्राइंडर चालवणारा हात मायक्रॉनमध्ये बोलतो, तिथं सोलचा दोन मिलीमीटर धातू काढणं म्हणजे चहा पिईपर्यंतचं काम. नियमानंही हरकत नाही, फक्त राउंड चालू असताना क्लबमध्ये बदल करायचा नाही. पण तीन गोष्टी आधी समजून घ्या. धातू काढला की हेड हलकं होतं आणि क्लबचा बॅलन्स बदलतो. क्रोम निघून जातो, म्हणजे तिथनं गंज धरणार. आणि काढलेला धातू परत लावता येत नाही.

करायचंच असेल तर नवीन वेजवर नको, एखादा जुना स्वस्त वेज घ्या. फक्त टाचेकडची मागची धार, तीही थोडी थोडी. प्रत्येक वेळी कोर्सवर जाऊन चार चिप मारा, मार्करची टेस्ट करा, मग पुढचा पास. लीडिंग एजला आणि फेसला ग्राइंडर लागूच द्यायचा नाही. कारागीर दादांना हे मार्करनं सोलवर आखून द्या, तोंडी सांगून भागत नाही, कारण त्यांच्या सवयीनं ते सगळं एकसारखं साफ करून देतात.

लॉफ्ट किंवा लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) वाकवून बदलायचा असेल तर धातू कुठला ते बघा. ८६२० सारखं मऊ कार्बन स्टील एखाद-दोन अंश सहज वाकतं, १७-४ स्टेनलेसचं हेड अडून बसतं. हे काम लॉफ्ट-लाय मशीन असलेल्या क्लब दुरुस्तीवाल्याकडंच द्या, शिकंज्यात धरून पाइप लावून वाकवू नका, होझेलला, म्हणजे शाफ्ट हेडला जोडतो त्या नळीला, तडा जातो.

१०. खरेदीचा क्रम

अजून काहीच घेतलं नसेल तर पहिला ५६, बाउन्स १० ते १२, भरलेला किंवा थोडा घासलेला सोल. तो घेऊन एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा खेळा. मग पिचिंग आणि ५६ मधलं भगदाड भरणारा ५० किंवा ५२, त्याला ८ च्या आसपास बाउन्स पुरतो, कारण तो बहुतेक फुल शॉटलाच निघतो. ६० सगळ्यात शेवटी, जेव्हा फेस उघडून मारलेला चिप दहातनं सहा-सात वेळा हवा तिथं पडायला लागेल तेव्हा. तोवर ते पैसे ग्रीन फी आणि बॉलवर घाला.